दुधनेच्या काठचा समुद्र

सुमंगला: चिमटा द्या. तो नको, भुवयांचा.

श्रीराम: दगडाला भुवया फुटल्या का?

सुमंगला: याच्या भोकात काहीतरी अडकलंय. परभणीचे भूगोलाचे सर फोनवर म्हणाले, मॅडम, दगड फोडायच्या आधी त्याला भोक होतं का? मी म्हटलं, होतं. मग म्हणाले, ते आतून साफ करून बघा आणि कार्यक्रमाआधी मला कळवा.

श्रीराम: उद्यावर शाळेतला सत्काराचा कार्यक्रम आला. आता कशाला उकरत बसायलीस? चल, जेवून घे.

सुमंगला: थांबा, थांबा. आलं. हे काय आहे?

श्रीराम: काडी.

सुमंगला: चष्मा लावून सांगा.

श्रीराम: काडीच आहे. दुधना नदीतल्या दगडातून काय मोती निघणार?

सुमंगला: मंजिरी आहे, अहो. तुळशीची. आणि ही पिवळी खपली बघा, नखानं निघायली. गंध आहे हे. थरावर थर बसून वाळलेलं.

श्रीराम: लोक नदीत काय वाट्टेल ते टाकतात. निर्माल्य असेल कुणाचं.

सुमंगला: निर्माल्य बाहेरून चिकटेल. आत गंध कोण भरेल?

श्रीराम: पोळ्या वातड होतील गं.

सुमंगला: सर आणखी एक गोष्ट म्हणाले. आपला सगळा भाग काळ्या पाषाणाचा, थंड झालेल्या लाव्ह्याचा. त्यात अमोनाइट, म्हणजे दगड झालेला समुद्रातला शंख, सापडणार नाही. हा कुणीतरी बाहेरून आणलेला असणार. मी त्यांना काय म्हटलं माहितेय? म्हटलं, सर, तुम्ही पुस्तकातून बोलताय, मी नदीतून बोलतेय.

श्रीराम: असं म्हणालीस?

सुमंगला: असंच म्हणाले मी. फुशारीत. तुमचा गोविंद कुठंय?

श्रीराम: कोण गोविंद?

सुमंगला: तुमच्या आजोबांचा शाळिग्राम. रोज सकाळी सोवळं नेसून ज्याला आंघोळ घालता तो.

श्रीराम: देवघरात. डबीत.

सुमंगला: उघडा डबी.

श्रीराम: सोवळ्याशिवाय नाही उघडता येत.

सुमंगला: मग मी उघडते.

श्रीराम: सुमा, नको. बाईनं हात लावायचा नसतो त्याला, तुला माहितेय.

सुमंगला: उघडली. ही तर सुपारी आहे.

श्रीराम: हं.

सुमंगला: कधीपासून तुम्ही सुपारीला आंघोळ घालताय?

श्रीराम: दिवाळीपासून. गंध, तुळसही वाहतो. कमी काही पडू दिलं नाही.

बायनाबाई: वैनी! ओ वैनी! दार उघडंच हाय म्हून आले आत. दूध ठिवते वट्यावर.

सुमंगला: आज दूध लवकर आणलंत, बायनाबाई?

बायनाबाई: दुधाचं निमित्त हो. ह्ये दावायचं व्हतं. ह्ये बघा, पदरात आनलाय. आमच्या वावरात घावला. गोल हाय का न्हाई? पेपरातल्यावानी?

श्रीराम: गोल आहे खरा.

बायनाबाई: मालक तर म्हनायलेत, आपल्या वावरात बी दर्या व्हता. पोरांनी सारा बांध उकरलाय. लय याड लागलंय गावाला, तुमच्यामुळं! आमची पोरगी भक्ती तर रातीबी दगडच बघायली सपनात.

सुमंगला: भक्ती काय करतेय आता?

बायनाबाई: चित्र काढलंय तिनं, उद्याच्याला शाळंत लावायचंय. सेलूचं ठेसन हाय, त्याच्यावर समदं पानी, आन फलाटावर मासे रांगंत उभे. तिकिटाला! आता ह्यो फोडून बघा की वैनी. हातोडी हाय न्हवं तुमच्याकडं.

सुमंगला: याला कुठं शेंदूर नव्हता ना लावलेला?

बायनाबाई: न्हाई ओ, साधा धोंडा हाय.

सुमंगला: नीट बघितलंत? बांधावर कुणी पुजत नव्हतं ना?

बायनाबाई: न्हाई म्हनलं की. का बरं?

सुमंगला: काही नाही. आज हात दुखतोय माझा. ठेवून जा.

बायनाबाई: ऱ्हाऊ द्या मंग, उद्या फोडा. पर निघालं तर भक्तीचं नाव घालायचं हां पेपरात. आन भाऊजी, तुमी का असं तोंड पाडून बसलात? बायकोचा सत्कार हाय, पेढे वाटा की!

(बायनाबाई जाते.)

श्रीराम: सांगितलं का नाहीस तिला?

सुमंगला: तुम्ही का नाही सांगितलं? पेपरात फोटो आला त्याच दिवशी ओळखलात ना?

श्रीराम: फोटोच्या आधी. तू फोडून दोन्ही फाका माझ्यापुढे धरल्यास ना, तेव्हाच. एका बाजूला तो कंगोरा होता. लहानपणी आंघोळ घालताना बोट त्याच्यावरूनच फिरायचं माझं.

सुमंगला: आणि मी नाचत होते.

श्रीराम: खूप नाचत होतीस. म्हणून तर राहून गेलं. मग पेपरवाले आले, मग शाळेचं बोलावणं आलं. रोज वाटायचं, आज सांगतो.

सुमंगला: पण टाकलात कशाला नदीत?

श्रीराम: टाकला नाही. विसर्जन केलं. पुलाखालच्या डोहात, खोल पाण्यात, मंत्र म्हणून. डोह असा आटेल आणि तो तुलाच सापडेल हे मला काय माहीत?

सुमंगला: का, विचारतेय मी.

श्रीराम: दिवाळीत कच्छला जायचं होतं ना आपल्याला. तुझ्या त्या शंखांच्या डोंगरात. घर बंद करून. त्याला एक दिवससुद्धा पाण्याशिवाय, नैवेद्याशिवाय ठेवायचं नसतं. पिशवीतून न्यायचा तर गाडीत सोवळं कुठलं? दादाकडे परभणीला ठेवायचा, तर दादा विचारणार, बायकोच्या दगडांसाठी देव दारोदार करतोस का?

सुमंगला: मला सांगायचंत. मी एकटी गेले असते.

श्रीराम: मला यायचं होतं.

सुमंगला: काय?

श्रीराम: मला यायचं होतं गं, तुझ्याबरोबर. बाबांच्या मागं इतकी वर्षं मी एक रात्रसुद्धा बाहेर राहिलो नव्हतो. तू हातोडी घेऊन उन्हात कशी पळतेस, ते बघायचं होतं.

सुमंगला: आणि मी तिकडे तुम्हाला दम देत होते, पिशवी नीट धरा म्हणून.

श्रीराम: धरली होती की नीट.

सुमंगला: तुमच्या आईंनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं, याला बायकांचा हात लागता कामा नये. मी हात नाही लावला. सरळ हातोडा घातला. तीस वर्षं याच्या शेजारच्या समईत वाती घातल्या आणि एकदासुद्धा नीट बघितलं नाही त्याच्याकडे. अमोनाइट, अमोनाइट करत मी गुजरात पालथा घातला हो. तो माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडं बसला होता.

श्रीराम: रडू नको. शाळिग्राम भंगला तरी पूजेला चालतो, बाबा म्हणायचे. मूर्तीसारखं नसतं त्याचं.

सुमंगला: तुम्ही आत कधी बघितलंत?

श्रीराम: आत कसं बघणार? देवाला फोडून?

सुमंगला: आता फुटलाच आहे. इकडे या, दिव्याखाली. ही वळणं बघा. बाहेरच्या मोठ्या घरात तो जीव राहायचा. वाढला की पुढं नवं घर बांधायचा आणि मागचं बंद करायचा.

श्रीराम: आजोबा यालाच चक्र म्हणायचे. भोकातून थोडंसंच दिसायचं.

सुमंगला: धरा हातात. मला नाही धरवत.

श्रीराम: सरांना काय कळवणार?

सुमंगला: तुमचं खरं होतं, असं. मग उद्या शाळेतल्या पोरींना. समुद्र होता, पण इथं नाही, आता हिमालय आहे तिथं. तिथून गंडकी नदीनं हा खाली आणला आणि तुमच्या आजोबांनी सेलूला. स्टेशनावरचे मासे खोटे पडले, बाळांनो, चूक माझी. बायनाबाईंकडे तर आत्ताच जाते. बांध उकरायचं थांबवायला हवं.

श्रीराम: आणि तो दुधनेत कसा गेला, ते?

सुमंगला: ते मी नाही सांगणार.

श्रीराम: भक्ती विचारेल.

सुमंगला: विचारणारच. तिला गप्प बसता येत नाही.

श्रीराम: दादा परभणीहून येतोय उद्या. पहिल्या रांगेत बसणार आहे.

सुमंगला: माहितेय.

श्रीराम: तू ये बायनाबाईकडे जाऊन. आणि सुमा, इस्त्री कुठं ठेवलीस? माझा पांढरा सदरा करून घेतो. भक्तीनं विचारलं तर उठून मलाच सांगायला हवं.