कुंडी सोडून कुठंही खणा

आणि वर मलाच विचारतात, "झाकण कुठंय?" अहो, मला काय ठाऊक! तुम्हाला सांगते, संडासाच्या टाकीबद्दल मला एवढंच कळायचं की ती अंगणात कुठंतरी आहे आणि ती ह्यांची आहे. घराइतकी जुनी टाकी, तीन-चार वर्षांनी उपसायला आली की हे म्हणायचे, "तू जा गं दोन दिवस बहिणीकडे, तुला वास सोसत नाही." मी जायची, परत येईतो सगळं लख्ख! आता हे गेले, आणि टाकी भरली. टाकी काय कुणासाठी थांबते? न्हाणीघरात पाणी उलटं यायला लागलं, मी आपली बघत उभी. रडू? छे! ह्यांच्या वेळी आलं नाही, ते टाकीसाठी कुठून येणार!

तर गाडीवाला आला, जाडजूड पाइप टाकला नि म्हणाला, "काकू, झाकण कुठंय?" म्हटलं, ह्यांना माहीत. "मग विचारा की त्यांना!" म्हटलं, बाहेरगावी गेलेत. "येणार कधी?" … काही सांगून नाही गेले.

तेवढ्यात धाकटे दीर आले. "वहिनी, दादानं मला दाखवलं होतं, इथंच, जिन्याखाली!" खणलं. माती. मग नळापाशी, मग फाटकापाशी… फरशीचा नुसता चुरा! गाडीवाला म्हणतो, "तासाभरात सापडलं नाही तर मी निघालो, मग महिनाभर नंबर नाही." महिनाभर मी जायचं कुठं? शेजारणीकडे? ती भिंतीवरून नाक दाबून, "आमच्याकडे बाई नकाशा आहे!" असू दे गं बाई.

"काकू, ती कुंडी सरकवू?" "ती सोडून कुठंही खणा!" अहो, ह्यांनी जन्मात मला दिलेली एकच भेट ती. वाढदिवसाला आणली, सिमेंटची, चौघांनी उचललेली, गुलाबासकट, आणि ठेवली कुठं, तर भर वाटेत, जाता-येता ठेच लागेल अशी! म्हणाले, "ही हलवायची नाही हं." नाही हलवली. उलट बहिणीकडून यावं तर गुलाबाला नवी माती! मनात म्हणायची, बोलत नाही माणूस, पण…

शेवटी अंगणात सगळे खड्डे नि मधे कुंडी. दीर गाडीवाल्याकडे बघतात, गाडीवाला कुंडीकडे, आणि झाकण कुठंय हे काही कुणी विचारेना. मीच म्हटलं, "सरकवा."

तिथंच होतं. लोखंडी कडीसकट.

"मी म्हणतच होतो!" हे दीर. पाइप घरघरायला लागला. या खेपेला बहिणीकडे पाठवणारं कुणी नव्हतं, उभी राहिले. वास आला. सोसला.

कुंडी परत जागेवर ठेवून घेतली, नवी माती घातली. दुसऱ्या दिवशी मुलगा आला, अंगण बघून म्हणाला, "आई, ही बाजूला घेऊ का? फरशी सरळ बसेल." म्हटलं, "ही हलवायची नाही हं." डोळे भरून आले त्याचे, मला जवळ घेतलं… आता काय सांगू त्याला? राहू दे. तीन-चार वर्षांनी कळेलच!