करंगळीतली अंगठी

एमआरआयच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते. वडिलांच्या करंगळीत एक नाजूक अंगठी रुतली होती आणि मुलगी साबण लावून ती ओढत होती.

“बाबा, हात सैल सोडा ना.”

“तुझी आई गेल्यापासून काढली नाहीये गं. आणि सोनं कुठे चुंबकाला चिकटतं? तू चुंबकांवरच अभ्यास करतेस ना, सांग त्यांना.”

“माझी चुंबकं ताऱ्यांतली. इथे नियम म्हणजे नियम.”

“ताऱ्यात कसलं आलंय चुंबक?”

“अवाढव्य ताऱ्यांतल्या फार थोड्यांत असतं. असे तारे बहुतेक जोडीनं राहतात, कधी तिघं-चौघं. त्यातले दोन कधीकधी एकमेकांत मिसळून जातात. तेव्हा आत एवढी घुसळण होते, की उरलेल्या एका ताऱ्याला चुंबकत्व येतं, असा आमचा अंदाज आहे.”

“पण आधी दोन होते, हे तुम्हाला कळतं कसं?”

“बरोबरच जन्मलेला तिसरा तारा शेजारी असतो ना, त्याच्यापेक्षा हा तरुण दिसतो. दुसऱ्याचं सगळं याच्यात आलेलं असतं.”

“तरुण दिसतो?”

“हो.”

“मग तुझी आई माझ्यात नाही आलेली.”

“बाबा, असं काय बोलता! हे बघा, निघाली एकदाची.”

“निघाली?”

“माझ्याकडे ठेवते. बाहेर आलात की परत घालू.”

“बोट बघ केवढं सुजलंय. आता नाही जायची ती.”