मागून दोन ठोके

अरे नको, बोलू नकोस — तारेनं बांधलाय जबडा तुझा. मान हलव नुसती. पाणी? थांब, कापसानं ओठ ओले करतो. वॉर्डातली माणसंही संपावर आहेत ना, मग कोण करणार? आणि बरोबरच आहे त्यांचं. दिवसभर दुसऱ्याची घाण काढायची आणि पगार पंधरा तारखेलाच संपायचा — मी तीस वर्षं बस चालवली, मला का ठाऊक नाही? लेक माझी त्याच आगारात कंडक्टर. पलीकडच्या वॉर्डात आहे. हो, तीच. काल पाय काढला तिचा, गुडघ्याखाली.

ओळखलंस वाटतं. घाबरू नकोस, मारायला नाही आलो.

तुला रोजंदारीवर आणलं, आमचा बसचा संप फोडायला — राग आलाच मला, खोटं कशाला बोलू. आगाराच्या गेटात आमची माणसं बसलेली, तुझी गाडी अडलेली, आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. बायकांना केस धरून फरफटवलं. माझ्या शेजारच्याचं डोकं फुटलं, रक्त माझ्या तोंडावर उडालं — कढत असतं रे. हातात माझ्या टायर ठोकून बघायचा रॉड, काठी म्हणून नेलेला. मी गाडीच्या मागं होतो. पत्र्यावर हाणले — धाड, धाड. दोन. राग पत्र्यावर काढला, माणसावर नाही, असं मनाला म्हटलंसुद्धा.

गाडी मागं घेताना कंडक्टर मागून पत्रा ठोकतो — एक ठोका थांब, दोन ठोके चल. मला माहीत नाही होय? उभा जन्म मी दोन ठोक्यांवर डोळे झाकून गाडी मागं घेतली. तुझ्याबरोबर कंडक्टर नाही, मागचं दिसत नाही, ठोके आले — घेतलीस तू मागं. लेक तिथंच चाकापाशी पडलेली, लाठी खाऊन — मला दिसलीच नाही. चाकाखाली हाड मोडतं ना, त्याचा आवाज — जाऊ दे.

पळून नाही गेलास. ती किंचाळली तसा उडी टाकून खाली आलास, तिच्याकडेच धावलास. आणि मी हाणला. पहिला हाणला तो बाप म्हणून, त्याचं मला काही नाही. पण तू पडल्या पडल्या म्हणत होतास, 'काका, मागून दोन ठोके आले, मागून दोन —' ते मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि मग दुसरा हाणला. तोंडावर, होता नव्हता तेवढा जोर लावून. तू गप व्हावास म्हणून.

हे कुणाला बोललो नव्हतो मी. तुलाच का बोललो, देव जाणे.

सगळे म्हणतात, तू गाडी मुद्दाम तिच्या अंगावर घातलीस. आमचा पुढारी म्हणतो, 'आजोबा, पोलिसांपुढं तोंड उघडू नका, सगळं शहर आपल्या बाजूनं झालंय, सरकार दोन दिवसांत वाकेल.' वाकलंच पाहिजे! संपवाल्यांची मागणी काय माझ्या ठोक्यांनी खरी झाली? आधीही खरीच होती की. आणि लेक... शुद्धीवर आल्यापासून तुला शिव्या घालतेय. मी तिचा हात धरून 'हो बाळा, हो बाळा' करतोय. आता कोणत्या तोंडानं —

हवालदार आले बघ. कागद-पेन घेऊन आलेत, तुझ्याकडून लिहून घ्यायला. ठेव, हात खाली ठेव. डोळे मीट.

हवालदार साहेब, त्याला झोपू द्या. इकडं या. माझं लिहून घ्या.