एका बाइटची जागा

नाही हो, तुमचा कोड रागाने नाही परत पाठवला — बसा ना, उभ्याने कसलं भांडताय — ही ओळ बघा. ऑपरेटर मशीनवर कामाचं नाव टाइप करणार, तुम्ही त्याची अक्षरं मोजलीत, तेवढीच मेमरी मागितलीत आणि नाव कॉपी केलंत. आणि नाव संपलं हे सांगणारं शेवटचं शून्य? ते कुठे बसणार? शेजारच्या जागेत घुसणार. एका बाइटने काय होतं म्हणता — माझ्या दादाला विचारा. पत्रे दाबायच्या प्रेसवर होता तो, पैलवान म्हणायचे त्याला. त्या मशीनमध्ये अशीच ओळ होती. वर्षानुवर्षं खपून गेली, कारण मागितल्यापेक्षा थोडी जास्तच जागा मिळते. त्या दिवशीचं नाव मात्र नेमकं काठोकाठ बसलं. आणि शेजारी काय होतं — पुढची सुरक्षेची जाळी उघडी की बंद, एवढंच; उघडी असली की प्रेस चालत नाही. उघडी म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. अडकलेला पत्रा ओढायला दादाने जाळी उघडून उजवा हात आत घातलेला, जोडीदार पलीकडे नाव टाइप करतोय — शून्य सांडलं, मशीनला वाटलं जाळी बंद, आणि प्रेस खाली आली. मनगटापर्यंत — जाऊ दे, तुमचं जेवण व्हायचं असेल.

चौकशीत कारण कळलं तसा हाताला पट्ट्या असतानाच गेला तो त्या मशीनचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपनीत, डाव्या हातात पाना घेऊन. कोणी लिहिलं, एवढंच विचारलं. एक चष्मेवाला हळूच उभा राहिला. जबडा मोडला त्याचा, दात फरशीवर पडले. तो आडवा झाल्यावरही दादा मारत होता — रडत रडत, म्हणे. तुरुंगात गेला, सुटला, आता माझ्याकडेच असतो. दुसरं आहे कोण त्याला?

तसा शांत असतो. पण मी लॅपटॉप उघडला की सुरू — तुम्ही लोक, तुम्ही लोक. मी, जिने त्याला महिनोन्‌महिने घास भरवले, ती ‘तुम्ही लोक’. मग ताट, खुर्ची, हाताला लागेल ते — हे? मानेवरचं? दार लागलं. असं काय बघताय. बरं, दाराला बोटं नसतात, मान्य. उजवा हात असता तर हे असं झालंच नसतं, इतकंच मी म्हणते.

पोलीस? अजिबात नको. पुन्हा आत टाकतील त्याला. तुम्ही ही ओळ दुरुस्त करा, मेमरी मिळाली की नाही तेही तपासा, आणि इथलं कुठे बोलू नका. उठा आता. मला काम आहे.