एकवीस मुलं आणि दोन शौचालयं

नाही, पण मला एक सांगा, एका शाळेत शौचालयं किती आहेत हे माणसाला किती वेळा विचारायचं? जूनमध्ये विचारलं, दोन. जुलैमध्ये विचारलं, दोन. दिवाळीच्या सुट्टीत फोन करून विचारलं, तरी दोनच! ती काय वाढणार आहेत का, पाणी घातलं की?

तुम्हाला सांगतो, शनिवार पेठेत आमच्या दुकानासमोर पालिकेची मराठी शाळा आहे. मी झेरॉक्सवाला. शाळेचे मुख्याध्यापक भीमराव सर. मुख्याध्यापक म्हणजे काय, तर ते आणि कल्याणी मॅडम, संपला स्टाफ! मुलं एकवीस. मंडईत भाजी विकणाऱ्यांची, इथल्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करणाऱ्यांची, शिवाय आमच्या वॉचमन नागोरावांची मुक्ताई. सर शिकवतात फार छान हो... पण शिकवायला मिळालं तर! पाढा सुरू केला, बे एके बे, की खिशात फोन वाजलाच. ग्रुपवर मेसेज. "माहिती तातडीने द्यावी. बारा वाजेपर्यंत." कसली माहिती? तीच! मुलं किती, खोल्या किती, नळ किती. फक्त तक्ता नवा. सर बिचारे दुकानात यायचे, "अहो, जुन्या तक्त्याची एक प्रत काढा, नव्यात उतरवतो." माझं काय जातंय, माझा धंदाच त्यावर. पण माणसाला कीव येते की नाही?

तर झालं काय, वरच्या ऑफिसने ठरवलं, सगळ्या शाळांची परिचय पुस्तिका काढायची. छान! काढा! आला मेसेज, माहिती तातडीने द्यावी. वाजले होते बाराला पाच कमी, पोषण आहाराच्या इंदुबाई खिचडी वाढत होत्या, एका पोराचं ताट सांडलं, दुसरं रडायला लागलं, आणि सर एका हाताने पोराचं नाक पुसताहेत, दुसऱ्या हाताने तक्ता भरताहेत. आता आजपर्यंतच्या सगळ्या तक्त्यांत आधी शौचालयं, मग मुलं. हाताला सवय झालेली! दोन, एकवीस, पाठवून दिलं. आणि या नव्या तक्त्यात कोणा शहाण्याने आधी मुलं घातली होती आणि मग शौचालयं. झालं कल्याण!

दोन दिवसांनी दोन फोन. पहिला, "सर, अभिनंदन! एकवीस शौचालयं असलेली आपली एकमेव शाळा! सगळ्यांचे फोटो तातडीने पाठवा." सर म्हणाले, "कोणाचे, मुलांचे?" तर म्हणे, "नाही हो, शौचालयांचे!" इथवर ठीक होतं, आम्ही हसलो. दुसरा फोन आला आणि हसू गेलं. "आपल्या शाळेचा पट दोन असल्यामुळे शाळा सोमवारपासून बंद. मुलं स्वारगेटच्या पलीकडच्या शाळेत पाठवावीत."

स्वारगेटच्या पलीकडे! सहा-सहा वर्षांची पोरं! नागोराव धावतच आले, "सर, मी ड्यूटी सोडून कसा सोडायला जाऊ? आन् तिची आई पहाटेच कामाला जाते. मुक्ताई घरीच बसंल मग." आणि मुक्ताई एकटी नाही हो, निम्मी शाळा घरी बसली असती. सर त्या दिवशी चहासुद्धा प्यायले नाहीत. मला म्हणाले, "माझ्या एका बोटाने शाळा बंद केली हो मी." डोळे भरलेले त्यांचे. मी उगाच कागद सारखे करत बसलो.

सर गेले वरच्या ऑफिसात. तिथे कॉम्प्युटरवर शौनक नावाचा मुलगा. कानात ते पांढरं काहीतरी. "सर, शीट लॉक झालीय. सिस्टीममध्ये दोनच दिसतात." "अहो, पण मी रोज एकवीस मुलांना शिकवतो!" "सर, तुम्ही शाळेतलं सांगताय, मी सिस्टीममधलं सांगतोय." आता यातलं खरं कोणतं? तुम्हीच सांगा!

सोमवार उजाडला. सकाळी दहा वाजता बघतो तर काय, शाळेच्या दारात दोन-दोनांची रांग! पुढे कल्याणी मॅडम, मध्ये एकवीस पोरं एकमेकांचे हात धरून, मागे इंदुबाई खिचडीचं पातेलं घेऊन, आणि सर हजेरीपट काखोटीला मारून. मी विचारलं, "अहो, सहल का?" सर म्हणाले, "दुकान बंद करा आणि चला." केलं! पुण्यात दुकानदाराने सकाळी दहाला दुकान बंद केलं, याचा अर्थ समजून घ्या!

पूल ओलांडून चालत चालत ऑफिसात. सगळी पोरं व्हरांड्यात मांडी घालून बसली. बेचा पाढा सुरू. शिपाई धावला, "ओ, इथे नाही बसायचं!" तोवर पोरं सोळापर्यंत पोचली होती. आवाज ऐकून मोठ्या साहेब प्रियदर्शनी मॅडम बाहेर आल्या. "हा काय प्रकार आहे?" आणि आमचे सर, जे साधं रिक्षावाल्याशी वाद घालत नाहीत, ते ताठ उभे राहून म्हणाले, "माहिती मागवली होती ना, मॅडम? तातडीने आणलीय. मोजून घ्या."

शौनकचा चेहरा बघायला हवा होता!

मॅडमनी हजेरी घेतली. अभिनव? हजर! सौरभ? हजर! एकेक करत वीस झाले. मुक्ताई? ...मुक्ताई? मुक्ताई नाही! सरांचा चेहरा पांढरा पडला. पोर गेली कुठे? एवढ्यात जिन्यावरून धापा टाकत उतरली. "कुठे गेली होतीस गं?" तर म्हणते कशी, "सर, तुम्हीच म्हणता ना, नव्या ठिकाणी गेलं की मोजायचं? वरती चार संडास आहेत. तीन बंद आहेत."

संपूर्ण व्हरांडा हसला हो! मॅडम तर भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, "शौनक, आधी यांचं शीट उघड. आणि मग आपलं भर." मग सगळ्यांनी मिळून खिचडी खाल्ली, शौनकने दोनदा घेतली. शाळा वाचली! सर येताना पुलावर थांबून रडले, आणि मीसुद्धा, धूळ गेली होती डोळ्यात.

आता तुम्ही म्हणाल, गोड झालं. थांबा. पुढच्याच आठवड्यात सरांना ऑर्डर. माहितीतली चूक पकडण्याचा एवढा अनुभव असलेला माणूस दुसरा नाही, म्हणून भीमराव सरांनी आठवड्यातले तीन दिवस वरच्या ऑफिसात बसून सगळ्या शाळांची माहिती गोळा करायची! आता ग्रुपवर मेसेज कोण टाकतं? सर! "माहिती तातडीने द्यावी. बारा वाजेपर्यंत. आपला, भीमराव."

काल भेटले रस्त्यात. चेहरा उतरलेला. म्हटलं, "काय हो सर, आली का सगळ्यांची माहिती?"

म्हणाले, "आली. एकाच शाळेची राहिलीये. चार मेसेज टाकले, मुख्याध्यापक जागेवरच नसतो."

"नालायकच दिसतोय! कोण आहे हो?"

"मीच की."