गालावरचा तीळ

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे आणि समोर बसलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

एकतीस वर्षं मी तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत काढली, तेव्हा उजेडात बोलायची सवय नाही. प्रत्येक स्क्रीन आधी पांढरा करायचा, मग काळा, लाल, हिरवा, निळा. एक ठिपका जरी पेटला नाही, तरी कोपऱ्यात लाल पट्टी चिकटवायची. साहेब मला माझ्या पाठीमागे 'घुबड' म्हणतात. म्हणोत बापडे, घुबडाला अंधारात दिसतं.

निवृत्तीच्या निमित्तानं माझं आज फार कौतुक झालं, आभारी आहे. आणि ही भेट! आपल्याच कारखान्याचा स्क्रीन, त्यावर माझा हसरा फोटो. फक्त एक विचारू? माझ्या गालावर हा तीळ कधी आला? आमचे 'हे' पहिल्या रांगेत आहेत. अहो, सांगा ना, आहे का मला तीळ? बघा, नाही म्हणतायत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमचं एकमत झालं.

तो तीळ नव्हे, मेलेला ठिपका आहे. गेल्या आठवड्यात मी नापास केलेल्या साठ स्क्रीनपैकी हा एक. पट्टी काढलीत, पण गोंद राहिलाय, बोट फिरवून बघा. बाकीचे एकोणसाठ सकाळीच ट्रकमध्ये चढलेत, दवाखान्यांत एक्स-रे बघायला. साहेब मला म्हणाले होते, "बाई, एवढासा ठिपका, कोण बघतंय?"

कोण बघतंय? पहिल्या वर्षी, सुट्टीची घंटा झाली म्हणून मीही एक असाच सोडला होता. तो परत आला, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. त्या ठिपक्यापायी एका माणसाला छातीत गाठ आहे असं ते सांगून बसले होते. चार दिवस त्या घरानं कसे काढले असतील? ती चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्ये आहे.

घड्याळाकडे बघू नका साहेब. पाचपर्यंत मी नोकरीत आहे, आणि तपासणीच्या सहीशिवाय माल फाटकाबाहेर जात नाही, हा नियम तुमचाच. ट्रक अजून फाटकाच्या आतच उभा आहे. मी सही केलेली नाही, करणारही नाही. उद्यापासून माझ्या जागी बसणाऱ्या ताई समोरच आहेत. ताई, हे लाल पट्टीचं रीळ आता तुमचं. उद्या सहीचा कागद तुमच्यापुढे येईल, तेव्हा या हॉलमध्ये सगळ्यांनी काय ऐकलंय ते आठवा. यातली एक पट्टी मात्र मी आत्ता इथेच, या भेटीच्या स्क्रीनवर लावते. हं, लागली.

तुम्ही सर्वांनी जीव लावलात, त्याबद्दल मनापासून धन्यवाद. भेट साभार परत. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. तो ठिपका मात्र घालू नका.