खालपर्यंत वाक, संगे

माझं माहेर मावळातलं, सासर हे कुरुळी, आन् बाकीचं आयुष्य म्हणाल तर कंपनीत गेलं. गाड्यांचं वायरिंग करतो आमी, तिथं मी लाइन लीडर हाय, म्हंजे तीस बायांपुढं उभं राहून बोलायची सवय, पण ही एक गोष्ट काय तोंडातून निघाली न्हाई इतकी वर्षं. आता निघालीच हाय तर सगळी सांगते, लिहून घ्या.

फर्स्ट शिफ्टला आमच्यात आधी पीटी असती. हात वर, कंबर वळवा, पायाचे अंगठे धरा, पाच मिनिटं. पुढं उभं राहून आकडे म्हणायचे ते माझं काम. आवाज पार गेटपर्यंत जायचा, बाया म्हणायच्या, लाइट गेली तर अक्कालाच भोंगा म्हणून लावा.

माझी धाकटी जाऊ संगीता, तिला आमच्याच कंपनीत ठेकेदाराकडं मीच लावलं. वर्षभरात तिला दिवस राहिले. तेव्हा ठेकेदारीत असं व्हतं की पोट दिसलं की गेटवर कार्ड बंद, म्हंजे काम गेलंच, म्हणून मीच तिला म्हटलं, संगे, कोणाला बोलू नको, सैल ड्रेस घाल, मी हाय ना. दवाखान्यासाठी सुट्टी मागितली तर कळंल, म्हणून तेबी मीच लांबवलं. अक्का म्हणतीय म्हणून ती गप. पीटीला मागच्या ओळीत उभी राहायची. सगळ्या वाकायच्या आन् ही अर्ध्यावर थांबायला लागली, एकदोघी तिच्याकडं बघायला लागल्या, तशी संशय नको म्हणून मी पुढून ओरडले, खालपर्यंत वाक, संगे, नाटकं घरी. सगळ्या हसल्या. तिनं माझ्याकडं बघितलं आन् वाकली. काय सांगू तुम्हाला, सगळं माहीत असून मी बोलले. पुढं महिनाभरात एका सकाळी अशीच वाकली ती उठलीच न्हाई, चक्कर येऊन पडली, आन् आठ दिवसांत मूल पोटातच गेलं.

डॉक्टर म्हणाल्या, वाकल्यानं झालं असं म्हणता येत न्हाई, पण अंगात रक्तच न्हाई हिच्या, इतके महिने दाखवलं का न्हाई? घरी आल्यावर सासूनं, आमच्या आत्याबाईंनी, तेच विचारलं. आन् मी म्हटलं, मी किती सांगितलं, हिनंच अंगावर काढलं. संगी खाटेवर पडून ऐकत व्हती.

माझं खरं पाप ते. त्या दिवसापासून घरात ती न ऐकणारी ठरली. पुढं तिला दोन लेकरं झाली, चांगली झाली, तरी बारसं असो नाहीतर लग्न, कोणीतरी म्हणायचंच, हिनं पहिलं हलगर्जीपणानं घालवलं. मी आपली ताटं वाढत राहायचे.

आता माझी सून पूजा, माण गावाला कंपनीत काम करती, तिला सहावा महिना लागला. तिच्या डॉक्टरांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईकडं पाठवलं. पूजा घरी सतरंजीवर हातापायावर ओणवी राहायची आन् श्वास सोडताना पोट हळूच आत घ्यायची, बाळाला कुशीत घेतल्यासारखं, म्हणायची. मग एक पाय मागं लांब आन् दुसऱ्या बाजूचा हात पुढं. ते वाकणं बघितलं की मला संगीच दिसायची. ऊठ, म्हणायचे मी, रोजच. ती म्हणायची, आई, सगळं विचारून करतेय, श्वास कोंडत नाही, फार वेळ उताणी पडत नाही, चक्कर आली, दुखलं, अंगावरून काही गेलं तर लगेच थांबून फोन करायचा, आणि माझी पाठसुद्धा कमी दुखतेय बघा. मी कशाची ऐकते. मागं एका रविवारी संगी तिच्या घरनं आमच्याकडं येऊन मटार सोलत बसली व्हती, आन् माझ्या तोंडून गेलं, न ऐकल्यावर काय होतं ते ह्या काकूला विचार.

संगीचा हात थांबला. शेंग अर्धी उघडलेली तशीच राहिली. मान काय वर केली न्हाई तिनं.

मग मी सतरंजीच्या कडेला बसले आन् सांगून टाकलं. लपवायला मी लावलं, दवाखाना मी लांबवला, वाकायला मी लावलं, आन् आत्याबाईंशी खोटं बोलले तीबी मीच. आमच्या मालकांनी टीव्ही बंद केला. संगी म्हणाली, आत्याबाई असताना सांगायचं व्हतं, अक्का. एवढंच. आत्याबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. माफ केलं असं ती म्हणाली न्हाई, आन् मागायला मला तोंड कुठलं. मटाराचं ताट बाजूला सारून पूजाजवळ जाऊन बसली आन् म्हणाली, तू कर गं बाई, मी हाय इथं, चक्कर आली तर धरते.

आता पीटीच्या आधी मी बायांना सांगते, दिवस असतील तर मला सांगा, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच करा, बाकी बसून राहा, आन् कार्ड बंद करायला कोणी आलं तर आधी माझं कर म्हणावं. अजून कोणी आलं न्हाई.

पूजाला आठवा लागलाय. संगी रोज संध्याकाळी येती. पूजा म्हणती, आई, आकडे तुम्हीच म्हणा, पण हळू. मी एक म्हणते आन् तिचा श्वास पुरता सुटेपर्यंत थांबते. संगी पूजाकडं बघती, माझ्याकडं न्हाई. बघंल तेव्हा बघंल. लेकरू सुखरूप येऊ दे, आन् सगळ्यांत आधी संगीच्या मांडीवर जाऊ दे.